पहिलं माप

साखरीनाट्याच्या जेटीवर, बर्फाच्या कारखान्यामागे,
मच्छीमार सोसायटीच्या एका खोलीत
रात्री अकराला मी राउटरची शुद्ध घालवली.
जुनी प्रणाली पुसून नवी चढवत होतो.
अर्ध्यावर बर्फवाल्यांनी दुसरा कॉम्प्रेसर लावला,
बल्ब पिवळा झाला, विझला,
परत लागला तेव्हा
राउटर स्वतःचं नावही सांगत नव्हता.

पहाटे चारला होड्यांना डिझेलची टोकनं.
ती या डब्यातूनच येतात.
रुक्साना वाडकरने न बोलता जुनं रजिस्टर काढलं,
पेनाचं टोपण दातात धरून म्हणाली,
"मी हाताने लिहीन. शिव्या तू खायच्या."

निळी केबल. एक टोक त्याच्या पाठीत, एक माझ्या मांडीवर.
चुकीच्या वेगाने ऐकलं तर नुसता कचरा उमटतो,
ओहोटीला जेटीखाली दिसतो तसा.
नऊ हजार सहाशेवर एक सरळ ओळ आली:
चालवण्यासारखं काही सापडलं नाही.
तिच्याखाली लुकलुकणारी एक खूण.

या खुणेपाशी मी नेहमी जरा थांबतो.
सगळं गेल्यावर चिपच्या तळाशी एवढंच शिल्लक असतं,
आपल्याला काही येत नाही हे कळण्यापुरतं
आणि ते मागून घेण्यापुरतं.
मला स्वतःला ते फार उशिरा जमलं.

आधी जाळ्यातून फाईल ओढून पाहिली.
टिंब. टिंब. टिंब. पोर्ट मेलेला.
"बंदर तर चालू आहे," रुक्साना म्हणाली,
आणि तिचं तीच हसली.
मग वेग वाढवला, तर अक्षरं तुटायला लागली.
उरली ती सगळ्यात मंद वाट:
एकशे अठ्ठावीस अक्षरांची एकेक खेप,
प्रत्येक खेपेनंतर पलीकडून उत्तर,
पोचलं,
किंवा, पुन्हा दे.
अशा अठ्ठ्याण्णव हजार तीनशे चार खेपा.
घड्याळात बारा वाजून पाच.

"भात मोजल्यासारखं," ती म्हणाली.
मी सांगितलं, आमच्या खळ्यावर पहिल्या पायलीला
एक म्हणत नाहीत, लाभ म्हणतात.
"आमच्यात बरकत."
तेवढ्यात पडद्यावर पहिली खेप पोचली.
आम्ही दोघांनी आपापला शब्द मनात म्हटला असणार,
कारण दोघंही गप्प होतो.

मी कारखान्यात जाऊन यासीनच्या हातापाया पडलो.
"चारपर्यंत दुसरं मशीन नको."
"आणि बर्फ पाणी झाला तर?"
"तर उद्याची सुरमई माझ्या नावावर."
तो स्टूल घेऊन स्विचखाली बसला,
मांडीवर टॉर्च, तोंडात न पेटवलेली विडी.

दीडला एकेचाळीस हजारावर अडकलं.
पुन्हा दे. पुन्हा दे. पुन्हा दे.
केबलला खिशातल्या पासबुकाचा टेकू दिला
तेव्हा पुढे सरकलं.
त्यानंतर मला आठवतो तो खाडीचा वास,
दोन पेले कोरा चहा,
आणि रजिस्टरवर डोकं टेकून झोपलेली रुक्साना,
गालावर उलटा उमटलेला एक होडीनंबर.

चारला आठ मिनिटं कमी.
पडद्यावर चौकटी-चौकटींची खूण उमटू लागली,
एकापुढे एक, एकापुढे एक, ओळ भरून खाली,
कुणी अंधारात जाळं विणत बसावं तशी.
शेवटी तो म्हणाला: नाटे-१.

नाव गेलंच नव्हतं.
ते दुसऱ्या कप्प्यात होतं,
तो कप्पा उघडायचा कसा एवढंच तो विसरला होता.

तारखेचं मात्र माझ्या लक्षात आलं नाही.
पहिल्या टोकनावर छापून आलं
एक मार्च एकोणीसशे त्र्याण्णव.
तांडेलाने ते दिव्याखाली धरलं, उलटंसुलटं केलं,
टोपीत खोचलं
आणि विचारलं,
"डिझेल तरी आजचं आहे ना?"