ताटं खाली येतात

तुर्कूहून स्टॉकहोमला जाणाऱ्या जहाजावर
मी ताटं धुते.
बुफे सातव्या मजल्यावर, मी चौथ्या,
मधे एक बुटकी लिफ्ट आणि सरकता पट्टा.
माणसं मला दिसत नाहीत.
त्यांचं उष्टं दिसतं.

पहिली पंगत साडेपाचला, दुसरी आठला.
पंगत म्हणायचं, पण वाढपी नाही,
नको नको म्हणायला समोर कुणी नाही,
म्हणून कुणी नको म्हणतच नाही.

एकोणचाळीस युरो मोजले
की माणूस मनात तराजू धरतो:
कोळंबी महाग, म्हणून कोळंबी.
बटाटा स्वस्त, म्हणून बटाटा नको.
पैसे वसूल करायला निघालेल्याचं ताट
मला लांबून कळतं.
सालांचा डोंगर, आणि डोंगराखाली
हेरिंगचा अख्खा तुकडा, चंदेरी,
एकही दात न लागलेला.
या तुकड्यासाठी कुणीतरी
हातमोजे गोठेपर्यंत जाळं ओढलं होतं.

रात्री मिह्केल पिंपाचं वजन करतो.
तो एस्टोनियाचा. आकड्यांपलीकडे फारसं बोलत नाही.
"एकसष्ट." किलो.
शाळांना सुट्टी लागली की "चौऱ्याहत्तर."

तरी बुफेला मी सरसकट नावं ठेवणार नाही.
एक चिमुकलं ताट येतं, त्यावर फक्त
आइस्क्रीमचा ओघळ आणि एक काकडी:
वर्षातून एकदा कुणाला तरी
जेवणाआधी गोड मिळालं.
एक ताट येतं, ज्यात सगळं चमचा-चमचाच घेतलेलं असतं;
हात थरथरत असणार, किंवा पोट लहान,
पण कुणी घाई केली नाही, कुणी विचारलं नाही
"एवढंच?"
आणि ज्याला आमची भाषा येत नाही
त्याला पदार्थाचं नाव उच्चारावं लागत नाही.
भूक लागली, उठला, घेतलं.
एकटा आलेला माणूसही पाच वेळा उठतो-बसतो,
त्यात त्याचा एकटेपणा लपून जातो.

नोव्हेंबरात समुद्र खवळला
की ताटं भरलेलीच परततात.
त्या रात्री सगळे सारखे.

मग राइलीची पन्नाशी आली.
राइली माझी धाकटी बहीण. म्हणाली, जहाजावर जाऊ,
तुला सवलत मिळते.
सुट्टी काढून मी माझ्याच जहाजावर पाहुणी झाले,
खिडकीजवळच्या टेबलावर,
बाहेर बेटं एकेक करून मागे सरत होती.

मी, जिनं वीस वर्षं लोकांची ताटं वाचली,
ती पाच वेळा उठले.
कोळंबी घेतली. महाग म्हणून.
मग मांसाचे गोळे, मग परत कोळंबी,
मग तीन प्रकारचा केक, कारण तीन प्रकार होते.
चौथ्या फेरीला पहिल्या फेरीची चव आठवेना.
आणि खरं सांगू?
मजा आली. गच्च पोटाने राइली इतकी हसली
की डोळ्यांतून पाणी आलं तिच्या.

उठायच्या आधी मला खाली चालू असलेला पट्टा आठवला.
पावाच्या तुकड्याने मी ताट पुसून काढलं,
काटा-सुरी नीट जोडून ठेवली,
आणि जो गिळवेना तो अर्धा केक
कागदी रुमालाखाली सरकवला.

दुसऱ्या दिवशी कामावर गेले.
मिह्केल पिंपाला टेकून उभा.
"काल एक ताट आलं होतं," तो म्हणाला,
"शेपूच्या काड्या वेचून कडेला, रांगेत लावलेल्या.
फिनलंडात शेपू बाजूला काढणारी
मला एकच बाई माहीत आहे."

मी नळ सोडला. पाणी जोरात येऊ दिलं.
"किती भरलं काल?" विचारलं, विषय बदलायला.

"अठ्ठावन्न," तो म्हणाला.
"आणि थोडा केक."