पिनेच्या जागी

ट्रॅक्टर पहिल्या स्टार्टात उठला नाही.
मार्गशीर्षातली सकाळ, गुंजीच्या खालच्या अंगाला
धुकं इतकं, की आपलाच हेडलाइट
दुसऱ्या कुणाच्या तरी रानात उभा वाटावा.
वहिनीनं न्हाणीतल्या हंड्याचं कढत पाणी
रेडिएटरात ओतलं.
म्हणाली, शेवटच्या चार ढलप्यांवर तापवलंय,
ज्याच्या जिवावर जळण आणायचं
त्याची आंघोळ आधी होऊ दे.

श्रावणातल्या वाऱ्यानं आडवा केलेला आंबा
ओढ्याकाठी पडून होता तेव्हापासून,
मुळं वर, माती वाळून गळलेली,
लोळायला गेलेल्या म्हशीला उठायचं सुचू नये तसा.
सालीखाली मुंग्यांनी गाव वसवलेलं.
आणि एका फांदीला, पडल्यावरसुद्धा,
तांबूस पालवी.
ती फांदी भरमाणी काकांनी शेवटाला ठेवली,
का ते सांगितलं नाही.

करवत भाड्याची, तासावर. पेट्रोल आपलं.
काका मनगटावरचं घड्याळ काढून खिशात घालतात,
म्हणतात, तासाकडं बघून कापाय गेलं
की बोट आधी जातंय.
भुसा उडतो, पायांवर साचतो,
गिरणीतून आणलेल्या पिठासारखा कोमट.
मी त्यात चपला काढून उभी राहिले थोडा वेळ.

मग साखळी किंचाळली.

बुंध्यात, वीतभर आत,
झाडानं गिळून टाकलेला खिळा.
भोवतीचं लाकूड निळं-काळं पडलेलं,
जुन्या माराच्या वळासारखं.
काका म्हणाले, बोर्डाचा हाय.
हितं गावाच्या नावाचा बोर्ड असायचा,
एकदा ह्या अक्षरांत, एकदा त्या अक्षरांत,
मग नुसतंच डांबर.
दोड्डव्वा बांधावरून ओरडली, कसला बोर्ड!
सासूनं ठोकलेला तो, झोळी बांधायला,
आमचा नागोजी त्यातच झोपायचा रोपलावणीला.
इराप्पाचं तिसरंच.
त्याच्या बाच्या गुऱ्हाळाचा कंदील म्हणे त्यावर टांगायचे.
खिळ्याला तीन धनी निघाले.
ओंडका उचलायला
मी आणि वहिनीच.

बुंध्याचे तुकडे ट्रॉलीत चढवताना
वहिनी दर वेळी म्हणायची, हा शेवटचा.
अकरा वेळा म्हणाली.
तिच्या बांगड्या मी माझ्या ओटीत बांधून ठेवलेल्या,
वाकलं की वाजायच्या.

वाट इराप्पाच्या रानातून.
भात निघाल्यावर पेरलेला मसूर,
बोटभर वर आलेला, पानापानावर दव.
इराप्पा त्याच्याकडं बघत बसला,
मग ट्रॉलीकडं, मग पुन्हा मसुराकडं.
काका मराठीत बोलत होते, तो कानडीत,
दोन ओंडके गुऱ्हाळाच्या चुलीला, एवढंच ठरायला
बिडी संपली.
बरली, निधान, म्हणाला तो,
आणि स्वतःच पुढं झाला, अनवाणी,
चाकांना वाट दाखवत,
जिथं पीक विरळ होतं तिथून.

चढावर धक्का बसला.
ट्रॉलीच्या पिनेतली क्लिप कुठंतरी निसटलेली,
पीन उड्या मारत अर्धी वर आलेली.
अजून एक खड्डा, आणि सगळा आंबा
परत ओढ्यात गेला असता.
तार नाही, दोरी नाही.
काकांनी खिशात हात घातला.
घड्याळाबरोबर तो खिळा निघाला,
करवतीनं एका अंगाला चावलेला.
दगडावर ठेवून वाकवला, भोकातून ओवला,
टोक वळवलं.

बसला.

घरी आलो तोवर धुकं उठलेलं.
इराप्पाचे दोन ओंडके वाटेतच उतरवले,
त्यानं त्यातला लहान परत ट्रॉलीत टाकला,
कानडीत काहीतरी म्हणाला, मला कळलं नाही,
काका हसले.

आता वळचणीला रास लागलीय.
पालवीची फांदी भरमाणी काकांनी आमच्या बादलीत उभी केली,
तिसऱ्या दिवशी सुकली.
संध्याकाळी न्हाणीच्या धुराला
चिकाचा, किंचित आंबट वास येतो.
पिनेला नवी क्लिप आणायची राहिलीय अजून.
बाजारच्या दिवशी आठवण येते,
बाजारातून आल्यावर.