रिजेक्ट माल

रेवतीनं मोबाईल पुढं धरला. पप्पा, ही बघा,
इटलीतली, दोन हजार वर्षांपूर्वीची माणसं.
मी जेवत होतो, सेकंड शिफ्ट करून आलेलो,
नखांत वाळू तशीच.
एक बाई पालथी, तोंडाशी पदरासारखं काही.
एक कुत्रं पाठीवर पिळवटलेलं, गळ्यात पट्टा.
आणि एक गडी, गुडघे पोटाशी घेऊन,
थंडीत स्टँडवर झोपावं तसा.

ही माणसं नाहीत, मी म्हणालो.
हे ओतकाम आहे.

ती हसली. मग वाचून दाखवलं तिनं:
डोंगर फुटला, राख पडली, दाबून घट्ट झाली.
आतलं मांस गेलं, कापड गेलं,
राहिली नुसती जागा, आणि त्या जागेत हाडं.
पुढं कधीतरी खणणाऱ्यांची पहार पोकळीत गेली.
त्यांनी भोकातून प्लास्टर सोडलं,
वाळू दिलं, वरची राख फोडली,
तर चपलेच्या बंदासकट माणूस.

मी भाकरी खाली ठेवली.
बावीस वर्षं कुपवाडला मी दुसरं काय करतो?
पॅटर्न ठेवायचा, वाळू ठासायची,
पॅटर्न अलगद काढून घ्यायचा,
आणि जी नाही ती वस्तू जपायची
लाडल येईपर्यंत.
शिंकायचं नाही. पेटीला पाय लागू द्यायचा नाही.
लोखंडाचं काय, वाट दिसंल तिकडं जातं.
सगळी अक्कल पोकळीची.

त्या वाळूत बेंटोनाइट मिसळतात, कच्छकडची पोती.
नवा इंजिनियर एकदा चहाला बोलला होता,
ही माती जुन्या ज्वालामुखीचीच, मुरलेली.
दस्तगीर म्हणाला,
मग आमच्या पगारात डोंगराचा वाटा धरा.

दस्तगीर शिकलगार, मिरजेचा.
माझ्यासमोरच्या पेटीवर सोळा वर्षं.
एकदा पाय घसरला अन् पंजा टेकला त्याचा
तयार साच्यात.
शिफ्ट सुटायची वेळ, कुणी बघितलं नाही, ओतून मोकळे झालो.
सकाळी वाळू झाडली तर
पंपाच्या झाकणावर पाच बोटं उठलेली,
करंगळी जरा वाकडी,
अंगठ्याला जुन्या कापाची रेघसुद्धा.
सुपरवायझरनं खडूनं फुली मारली. रिजेक्ट.
परत भट्टीत जायचा माल. मी कॅरिअरला बांधून घरी आणला.
न्हाणीचं दार वाऱ्यानं आपटतं, त्याला लावतो.

मागच्या वर्षी गेला तो.
दवाखान्यात डॉक्टरनं फिल्म उजेडावर धरली,
छातीभर पांढरे ठिपके.
वाळू, म्हणाले. वर्षानुवर्षं ओढलेली.
आणि आम्ही समोरासमोर,
तोंडाला फडकं बांधायचो, तेही
उन्हाळ्यात काढून खिळ्याला अडकवायचो.

रेवतीला हे सांगितलं नाही.
तिनं विचारलं, त्यांना कळलं असंल का हो,
आपण इतकी वर्षं टिकणार म्हणून?
कशाला कळंल.
नाकातोंडात राख गेलेल्याला
पुढच्या श्वासाशिवाय काय सुचतं.
टिकायचं कुणाच्याच मनात नव्हतं.
बाई पदर धरत होती.
कुत्र्याला साखळी तोडायची होती.
दस्तगीरला फक्त पडायचं नव्हतं.

ती झोपल्यावर न्हाणीत गेलो,
हात धुतले, काळं पाणी मोरीत सोडलं.
खाली बसून माझा पंजा त्याच्यावर ठेवून बघितला.
बसत नाही. माझी बोटं आखूड.
करंगळीच्या टोकाला गंज धरलाय.
उद्या कंपनीतनं थोडं ऑइल आणतो.