उलटी बाजू

शनिवारी दप्तर नसतं, म्हणून देशमाने मॅडमनं बोलावलं.
"मामा, लेकरांना सुई धरायला शिकवा," म्हणल्या.
वसमतच्या मोंढ्यामागं माझं दुकान,
पाटीवर आता एवढंच : चेन बदलून मिळेल,
पँट कमी करून मिळेल.
नवं कापड कुणी आणत नाही.
कातरण मात्र पोतंभर. ते टाकलं खांद्यावर न् निघालो.

बावीस लेकरं, बावीस सुया.
मोजून द्यायच्या, मोजून घ्यायच्या,
हे उस्तादानं शिकवलं होतं, कानाखाली वाजवून.
मी फळ्यावर बावीसचा आकडा काढला
न् म्हणलं, जाताना हाच पाहिजे.

पहिला अर्धा तास नेढ्यातच गेला.
दोरा थुंकीनं ओला, पुन्हा फिसकटलेला, पुन्हा ओला.
शिवकन्या एक डोळा मिटून, जीभ बाहेर काढून
आडात वाकून बघावं तशी बसली.
ओवला!
मग सगळ्यांनी तिच्यापुढं रांग लावली,
माझ्यापुढं नाही.
मला नेढं दिसत नाही, हे त्यांना आधीच कळलं होतं.

गाठ सोपी वाटते.
बोटाला वेढा द्यायचा, अंगठ्यानं घोळवत सोडायचा.
सात वर्षांच्या अंगठ्याला हे सांगून कळत नाही.
तौसिफची गाठ बोराएवढी झाली.
निकिताची झालीच नाही, तिचे बारा टाके
ओढल्याबरोबर दोऱ्यासकट बाहेर आले
न् ती आधी हसली, मग रडली.

धावदोरा म्हणजे बुडी मारायची, वर यायचं,
बुडी मारायची, वर यायचं.
कालव्यात पोहणाऱ्या पोरांना हे लगेच पटलं.
प्रज्वल तर असा सुटला
की पिशवी संपली तरी थांबेना.
उठला, तर पिशवी चड्डीला लटकलेली.
वर्ग लोळला. मीही.
उसवता उसवता त्याला सांगितलं,
पहिल्या वर्षी मी तहसीलच्या कारकुनाच्या सदऱ्याला
दोन्ही बाह्या उजव्याच जोडल्या होत्या.
"मग?"
मग काय. उसवल्या.
निम्मं शिवणं उसवण्यातच असतं, बाबा.

मागं भिंतीला टेकून सुमेध. डावखुरा.
उस्ताद असता तर डावा हात बांधून ठेवला असता.
मी शेजारी बसून दाखवलं, जमेना.
दुसऱ्यांदा दाखवलं. त्याचा दोरा सुईभोवतीच गुंडाळला.
मग समोर जाऊन बसलो, गुडघ्याला गुडघा लावून,
आरशात बघावं तसं.
मी उजव्या हातानं, तो डाव्या,
टाका मात्र एकाच वेळी खाली, एकाच वेळी वर.
चाळीस वर्षं मशीन मारली,
कुणाच्या तोंडाकडं बघत कधी शिवलं नव्हतं.

शेवटी पिशव्या उलटवायच्या.
इतका वेळ आतली बाजू बाहेर होती,
काहून, ते कुणी विचारलंच नव्हतं.
पेन्सिलीनं कोपरे बाहेर ढकलले
न् एकदम फुलं, पट्टे, कुणाच्या तरी परकराची जर.
"मामा, ही माझीच?" शिवकन्येनं दोनदा विचारलं.
तिरपी, एका कडेनं सुटलेली, तिचीच.

मॅडमनं एकेका पिशवीत एकेक हळकुंड टाकलं.
निकिताच्या पिशवीतून ते खाली पडलं.
तिनं हळकुंड मुठीत धरलं
न् त्याच मुठीत पिशवी.

सुया मोजल्या. एकवीस.
पुन्हा मोजल्या. एकवीस.
चटया झटकल्या, खिसे बघितले.
मग सुमेध हळूच पुढं आला.
कॉलरखाली टोचून ठेवलेली, पिवळा दोरा अजून ओवलेला.
मी ठेवतो तशीच.
फक्त माझी डावीकडं, त्याची उजवीकडं.

"घरी बहिणीच्या फ्रॉकचं बटण तुटलंय," म्हणला.

मी फळ्यावरचा आकडा हातानंच पुसला
न् एकवीस लिहिला.