दुर्लक्ष

युटाच्या पश्चिम वाळवंटात मार्चचे नऊ दिवस
आम्ही एका यंत्राची परीक्षा घेतली.
वर विमान घिरट्या घालायचं, माणूस नसलेलं.
खाली माणसं चालायची, तासाला एकवीस डॉलरवर.
अट एकच : वर बघायचं नाही.

थेल्डा ऑल्सेन फावडं घेऊन चालली.
तिचा दीर चालला खांद्यावर पाण्याचा पाइप घेऊन,
बीटाच्या शेतात जन्मभर वाहिला तसाच, एका हाताने तोलत.
यंत्र म्हणालं : रॉकेटची नळी. शंभरात एक्क्याण्णव खात्री.
संध्याकाळी म्हातारा मला विचारतो,
"मग? मेलो का मी?"
म्हटलं, फक्त तक्त्यात.
तो हसला. कॉफीचा कप मात्र दोन्ही हातांनी धरला.

रात्री मी चित्रफीत चौकटीगणिक थांबवते,
प्रत्येकाभोवती पेटी आखते,
लिहिते : इथे हे होतं. खरं हेच.
मग यंत्राची पेटी माझ्या पेटीवर ठेवून बघते.
निम्मी झाकली की बरोबर;
निम्मा सापडला तरी माणूस सापडला, असं नियमावली म्हणते.
साप साप म्हणून किती वेळा भुई धोपटली
तेही मोजायचं असतं :
झुडपं सहा, एक उपडी बादली,
विमानाची स्वतःचीच सावली, दोनदा.

सहाव्या दिवशी अकरा वाजून चार मिनिटांनी
पडद्याच्या डाव्या कडेने मेंढ्या आत आल्या.
मागे एक माणूस, आमच्या यादीत नसलेला.
एलियुतेरिओ, पेरूहून आलेला मेंढपाळ;
नाव नंतर फाटकावरच्या पहारेकऱ्याने सांगितलं.
एका हातात काठी,
कोटात गुंडाळलेलं, अजून ओलं कोकरू.
यंत्राने त्याला धरलं ते सोडलंच नाही.
शस्त्रधारी. शस्त्रधारी. शस्त्रधारी.
चारशे बारा चौकटी.
मधे तो गुडघ्यावर बसला, कोकरू जमिनीवर ठेवलं,
तर यंत्र म्हणालं : काहीतरी पुरतोय.

नियमावलीत यालाही जागा आहे.
जे परीक्षेत नाही त्यावर करडी पेटी आखायची,
आत लिहायचं : दुर्लक्ष.
मग यंत्र तिथे काहीही बरळो, गुण कापायचे नाहीत.
मी आखली.
लक्ष्य नव्हता तो, म्हणून लक्ष द्यायचं कारण नव्हतं;
चारशे बारा वेळा हे मी स्वतःला सांगितलं
आणि बोट दुखेपर्यंत कळ दाबली.

अंतिम आकडा : चौऱ्याण्णव पूर्णांक दोन.
कर्नल साहेबांनी डोनटचे दोन खोके मागवले.

एक चौकट तेवढी माझ्याकडे राहिली आहे, तीनशे अठ्ठ्याऐंशीवी.
त्यात तो उभा आहे, कोकरू पायाशी,
कपाळावर हाताची आडोशी धरून
सरळ वर बघतोय.
नऊ दिवसांत वर बघितलेला एकटाच.
मेंढ्या मोजतात तसं त्याने आम्हाला मोजलं :
एक.
आणि कळपामागे चालू लागला.