मागील सभेचे इतिवृत्त

चिटणीस खात्यात एकतीस वर्षं
मी इतरांची वाक्यं सरळ करते.
सभागृहात माणूस ओरडतो, "अहो, हे चाललंय तरी काय?"
मी लिहिते : सन्माननीय सदस्यांनी चिंता व्यक्त केली.
कुणी टेबलावर फाईल आपटतो.
आपटण्याला लघुलिपीत खूण नाही.

सुधार समिती, बुधवार, दुपारी अडीच.
विषय क्रमांक एक ते सोळा
चहा येईपर्यंत मंजूर.
अध्यक्ष तो शब्द असा उच्चारतात
की त्यातला अनुस्वार तेवढा ऐकू येतो.

विषय सतरा : घोडपदेव,
पालिकेच्या भूखंडावरच्या तीन चाळी,
पुनर्विकास, तेवीस मजले,
पोहोच रस्ता सहा मीटर, अस्तित्वातील.

तारामती पागधरे उठल्या.
पहिल्यांदाच निवडून आलेल्या.
सहा महिने त्यांच्या नावापुढे
मी फक्त "उपस्थित" लिहीत होते.
"रस्ता सहा मीटर नाही."
निमसे साहेब म्हणाले, नकाशावर आहे.
"नकाशावर असेल. आमच्या लतिफाबाईंनी मोजलाय."
"कशानं?"
"टेपनं. त्या ब्लाउज शिवतात."

(हशा.)
हशा कंसात लिहायची मला मुभा आहे.

वर सज्ज्यात लतिफा मुकादम बसली होती.
सज्ज्यातल्यांनी बोलायचं नसतं.
तिनं गळ्यातली टेप काढली
आणि कठड्यावरून खाली सोडली :
दीडशे सेंटीमीटर, पिवळी,
छातीच्या आकड्यांपाशी पुसट झालेली.
अशी तीनदा, बाई म्हणाल्या, आणि वर चार बोटं.
चार मीटर अठ्ठावन्न.
दोन भिंतींच्या मध्ये एवढंच कापड आहे.
"बंब कुठून घालणार, साहेब? दंडात दाटतंय."

स्थळपाहणी ठरली.
शुक्रवारी आठ सदस्य, दोन अभियंते, वही घेऊन मी.
अध्यक्षांची गाडी गल्लीत शिरली.
ड्रायव्हरनं डावा आरसा मिटला, मग उजवा,
मग हॉर्न दिला
एका स्कूटरला, एका निळ्या पिंपाला,
तेलाच्या डब्यातल्या तुळशीला.
शेवटी मागं घेतली.
कुणी काही बोललं नाही.
निमसे साहेब बुटाच्या टोकानं
गटाराचं झाकण उगाच दाबून पाहत राहिले.
लतिफानं सगळ्यांना पाणी दिलं.
टेप तिनं गळ्यातून काढलीच नाही.

पुढच्या बुधवारी विषय पुन्हा पटलावर,
आता क्रमांक चार.
"सहा मीटर"च्या आधी एक नवा शब्द बसवलेला :
अंदाजे.
पागधरे बाई खुर्ची मागे सारून उठेपर्यंत
मंजूर.
माझा विरोध नोंदवा, म्हणाल्या.
नोंदवला.

पण त्याच दुपारी, त्याच्याही आधी,
दर सभेला होतो तसा पहिला विषय झाला होता :
मागील सभेचे इतिवृत्त, वाचले असे समजून, कायम.
एकतीस वर्षांत ते कुणी वाचताना मी पाहिलं नाही.
त्यात पान नऊवर, माझ्या हातची,
सरळ न केलेली एक ओळ आहे :
"रस्त्याची रुंदी चार मीटर अठ्ठावन्न.
शिवणाच्या टेपने मोजली. दंडात दाटते."
खाली अध्यक्षांची सही, तारीख, गोल शिक्का.

रस्ता त्यानं इंचभरही सरकला नाही.

मार्चमध्ये मी निवृत्त होते.
समारंभासाठी लतिफाकडे दोन ब्लाउज टाकलेत.
मापं घेताना ती म्हणाली,
थोडं सैल धरू का, ताई?
म्हटलं, नको.
भरेल तेवढंच लिही.