खिळा

समोरच्या खोलीतल्या वालेरिकोनं
एकतीस वर्षांत भिंतीत खिळा ठोकला नाही.
कोट खुर्चीच्या पाठीवर,
आरसा खिडकीच्या चौकटीला टेकवलेला,
कॅलेंडर गादीखाली,
तारीख बघायची तर आधी उठावं लागे.

ही इमारत म्हणजे त्स्खाल्तुबोतलं जुनं आरोग्यधाम.
खाणकामगार यायचे इथं, गरम झऱ्यात गुडघे बुडवायला,
चोवीस दिवसांसाठी.
खोल्याही त्याच मापाच्या:
चोवीस दिवस पुरेल एवढं कपाट,
चोवीस दिवस सोसेल एवढी भिंत.
मग युद्ध झालं, आणि सुखुमीकडून
बसा भरभरून माणसं आली.

वालेरिको तिथल्या बंदरावर क्रेन चालवायचा.
अजूनही सकाळी चहा ओतताना सांगतो,
'तिकडे आज वारा असणार. जहाजं बाहेरच थांबतील.'
आम्ही मान डोलावतो.
मग म्हणतो, आज ना उद्या जाऊच.
म्हणताना मध्येच दम घेतो,
आणि मला ते नेहमी नकारासारखं ऐकू येतं:
आज ना.
उद्या.

मी जन्मले इथंच, दोनशे चौदा नंबरात.
मला कुठं परत जायचं नाही.
हे एकदा बोलून गेले, सोंगट्या मांडता मांडता.
त्यानं फासे बराच वेळ मुठीत धरून ठेवले.

मागच्या फेब्रुवारीत तो दातासाठी कुताइसीला गेला,
तेव्हा त्सिआलानं माझ्याकडून हातोडी नेली.
तीन ठोके. चौथ्याला गिलावा सांडला.
तिनं तो केरसुणीनं गोळा केला, टाकला मात्र नाही,
बशीत ठेवला,
न जाणो, परत लावायची वेळ आली तर.

संध्याकाळी तो आला. खिळा बघितला.
सुजल्या गालानं काहीच बोलला नाही.
कोट खुर्चीवरच.

सतरा दिवस नुसता खिळा.
दार उघडंच असायचं, म्हणून मोजले गेले.
अठराव्या दिवशी त्यावर टोपी होती.
कोट नाही, आरसा नाही,
टोपी, तीही अशी लटकवलेली
की जाता जाता झडप घालून उचलता यावी.

मी हातोडी मागायला आत गेले.
तो चहा ओतत होता.
'तिकडे आज थंडी असणार,' म्हणाला.
आणि मग, बऱ्याच वेळानं,
दोन्ही हात पेल्याभोवती धरून,
'इथंही आहे.'